राखून ठेवलेला ग्रंथ : अध्यापक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांच्यातील एका कराराचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देऊन शाळेने माझा जो गौरव केला त्याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. बडोद्याच्या मराठी समाजात स्मृतिव्याख्यानाची परंपरा जुनी आहे आणि या व्यासपीठावरून मोठमोठे विषय मांडले गेले आहेत. त्या मानाने माझा आजचा विषय लहान, किंबहुना क्षुल्लक वाटेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एखादा अध्यापक आपल्या वर्गासाठी काही ग्रंथ राखून ठेवतो, ही ती गोष्ट. ग्रंथालयाच्या भाषेत याला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. आपण तिला ‘राखीव संग्रह’ म्हणू. जन्मभर इतिहासाचे अध्यापन केल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, शिक्षणातील न्यायाचा प्रश्न मोठमोठ्या अहवालांइतकाच या लहानशा कपाटापाशीही सुटतो किंवा अडतो. म्हणून या कपाटाचा इतिहास आज आपल्यासमोर ठेवण्याचे योजले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्गात साठ विद्यार्थी आहेत. प्राध्यापकांनी सांगितले आहे की, पुढील आठवड्यातील चर्चेसाठी अमुक ग्रंथाचे तिसरे प्रकरण वाचून या. ग्रंथालयात त्या ग्रंथाची एकच प्रत आहे. नेहमीच्या नियमाप्रमाणे जो प्रथम पोहोचेल तो ती प्रत दोन आठवडे घरी नेईल. तो वाचील अथवा न वाचील, पण उरलेल्या एकोणसाठ जणांच्या दृष्टीने तो ग्रंथ ग्रंथालयात असून नसल्यासारखाच. ज्यांची ऐपत आहे ते बाजारातून विकत घेतील. ज्यांची नाही ते मित्राच्या वहीवर भागवतील. दोन आठवडे घरी नेण्याची मुभा हा नियम एरवी उदार आहे, परंतु या प्रसंगी त्या उदारतेचा लाभ एकालाच मिळतो.

येथे उपाय एकच. तो ग्रंथ काही काळ कोणालाही घरी न्यावयाचा नाही. ग्रंथालयातच बसून, ठरावीक दोन तास वाचून, तो पुढच्याच्या हाती द्यावयाचा. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येईल, पण सर्वांच्या वाट्याला येईल. राखीव संग्रहाचे तत्त्व एवढेच आहे. मात्र ते अमलात आणण्यासाठी तिघांची संमती लागते. अध्यापकाने ग्रंथाचे नाव आधी सांगावयाचे, ग्रंथपालाने तो बाजूला काढून सांभाळावयाचा आणि विद्यार्थ्याने वेळेवर परत करावयाचा. या अलिखित कराराची मुळे कोठवर जातात ते प्रथम पाहू.

२. साखळीतील ग्रंथ

मुद्रणकलेपूर्वी युरोपातील विद्यापीठांत हाच प्रश्न अधिक तीव्र होता. हस्तलिखित ग्रंथ महाग, आणि अध्यापन तर विशिष्ट ग्रंथांवरच चाले. बोलोन्या आणि पॅरिस येथे तेराव्या शतकात यावर एक विलक्षण तोडगा निघाला. विद्यापीठाने मान्यता दिलेले पुस्तकविक्रेते नेमलेल्या ग्रंथाची एक तपासलेली मूळ प्रत आपल्या दुकानात ठेवीत. ती प्रत एकसंध न बांधता लहान लहान सुट्या जुड्यांत ठेवलेली असे. अशा एका जुडीस ‘पेसिया’ म्हणत. विद्यार्थी किंवा त्याचा लेखक एक जुडी भाड्याने नेई, उतरवून घेई, ती परत करून दुसरी नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाची नक्कल एकाच वेळी अनेकांना करता येई. भाड्याचा दर विद्यापीठ ठरवून देई, आणि मूळ प्रत निर्दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी बोलोन्यात तपासनीस नेमलेले असत. पॅरिसची १३०४ सालची अशी एक दरयादी आजही उपलब्ध आहे. वर्गासाठी कोणते ग्रंथ लागतील ते आधी जाहीर करणे, त्यांची प्रत हाताशी ठेवणे, आणि ती थोड्या मुदतीने फिरती ठेवणे, ही तिन्ही अंगे येथे स्पष्ट दिसतात.

दुसरा तोडगा ग्रंथालयांनी काढला. पॅरिस येथे १२५७ साली रॉबेर द सॉर्बों याने गरीब धर्मशास्त्र-विद्यार्थ्यांसाठी जे निवासी विद्यालय स्थापिले, तेच पुढे सॉर्बोन म्हणून विख्यात झाले. त्याच्या संग्रहाची १२९० सालची सूची १०१७ ग्रंथांची नोंद करते आणि १३३८ सालची १७२२ ग्रंथांची. हा संग्रह दोन भागांत विभागलेला होता. लहान ग्रंथालयात दुसऱ्या प्रती असत, आणि त्या उसन्या मिळत. मोठ्या ग्रंथालयात सुमारे ३३० ग्रंथ लोखंडी साखळीने मेजांना जखडलेले होते. १३२१ सालच्या एका नियमानुसार प्रत्येक विषयातील उत्तम ग्रंथ, त्याची एकच प्रत असली तरी, साखळीत ठेवावयाचा होता, कारण तो सर्वांना पाहता यावा.

साखळदंडातील ग्रंथाचे चित्र दाखवून मध्ययुगाच्या संकुचितपणाची थट्टा करण्याची आपल्याला सवय आहे. परंतु सॉर्बोनचा नियम नीट वाचला तर साखळीचा हेतू निराळा दिसतो. ती ग्रंथाला वाचकापासून दूर ठेवण्यासाठी नव्हती. कोणा एका वाचकाने तो आपल्या खोलीत नेऊन इतरांना वंचित करू नये यासाठी होती. संस्कृत सुभाषितकाराने परहस्ते गेलेले पुस्तक गेलेच असे समजावे, असे सुचविले आहे. सॉर्बोनच्या विद्वानांचा अनुभवही तोच असावा.

ऑक्सफर्डच्या बॉडले ग्रंथालयाने, जे १६०२ साली खुले झाले, हा नियम इतका कसोशीने पाळला की, १६४५ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक ग्रंथ मागविला तेव्हा ग्रंथपाल जॉन राउस याने संस्थापकाचे नियम दाखवून नकार दिला, आणि राजानेही तो मानला. पुढे १६५४ साली क्रॉमवेललाही तेच उत्तर मिळाले. सर्वांसाठी ठेवलेला ग्रंथ राजालाही घरी नेता येत नाही, हा धडा सतराव्या शतकात एका ग्रंथपालाने घालून दिला.

३. हार्वर्ड : व्याख्यानातून ग्रंथालयाकडे

आज आपण ज्या स्वरूपात राखीव संग्रह ओळखतो त्याचा जन्म मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. त्याचे कारण ग्रंथालयाच्या अगोदर वर्गात शोधले पाहिजे. तोवर अमेरिकन महाविद्यालयांतील शिक्षण म्हणजे एक क्रमिक पुस्तक पाठ करावयाचे आणि वर्गात म्हणून दाखवावयाचे. अशा शिक्षणाला ग्रंथालयाची गरज नसते. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याचे स्वातंत्र्य वाढविले. त्याच सुमारास जर्मन विद्यापीठांतील ‘सेमिनार’ पद्धतीचा प्रभाव पडू लागला. हेन्री ॲडम्स यांनी १८७० ते १८७७ या काळात तेथे मध्ययुगीन इतिहास शिकविताना विद्यार्थ्यांना थेट मूळ साधनांकडे नेले. पाठांतराच्या जागी वाचन आले की सर्व वर्गाला एकाच दिवशी एकच ग्रंथ लागतो. हे संकट पूर्वी ग्रंथालयावर कधी आलेच नव्हते.

या संकटाला हार्वर्डमध्ये दोन उत्तरे मिळाली. पहिले विधिशाखेत. ख्रिस्तोफर लँगडेल यांना कायदा खटल्यांच्या निकालांवरून शिकवावयाचा होता, पण तेच निवाड्यांचे खंड एकाच वेळी सर्व विद्यार्थ्यांना पुरविणे कोणत्याही ग्रंथालयाला शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी करारविषयक निवडक निकाल एकत्र करून १८७१ साली स्वतंत्र ग्रंथ छापला. ग्रंथालयातील आवश्यक भाग बाहेर काढून प्रत्येकाच्या हाती द्यावा, हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर ग्रंथपालाचे. जस्टिन विन्सर हे १८७७ साली हार्वर्डचे ग्रंथपाल झाले. त्यापूर्वी ते बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते, आणि १८७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ग्रंथालय संघाचे पहिले अध्यक्षही तेच. त्यांच्या आधीचे ग्रंथपाल जॉन सिब्ली यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. ते एकदा लगबगीने आवार ओलांडून जात असताना कोणी विचारले तेव्हा ते आनंदाने म्हणाले की, सगळे ग्रंथ जागेवर आले आहेत, दोनच बाहेर आहेत आणि तेही आणावयास मी निघालो आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळाची वृत्ती तीत आहे. विन्सर यांनी ही वृत्ती उलटी केली. त्यांनी प्राध्यापकांना सांगितले की, तुम्ही वर्गाला जे ग्रंथ वाचावयास सांगणार त्यांची यादी आम्हांला द्या. त्या यादीतील ग्रंथ मुख्य संग्रहातून काढून, सहज हाती लागतील अशा ठिकाणी, प्राध्यापकवार मांडले गेले. दिवसा ते वाचनकक्षातच वापरावयाचे, रात्री ग्रंथालय बंद होताना घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. १८७० नंतरच्या दशकाअखेरच्या त्यांच्या वार्षिक अहवालांत या योजनेचा अभिमानपूर्वक उल्लेख येतो. पाहता पाहता इतर विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. जर्मन विद्यापीठांतही याच जातीची व्यवस्था आहे. तेथे अध्यापकाने एका सत्रापुरत्या मांडून घेतलेल्या ग्रंथांना ‘सेमेस्टरआपाराट’ म्हणतात.

एक बारकावा येथे लक्षात घ्यावा. सॉर्बोनमध्ये कोणता ग्रंथ साखळीत ठेवावयाचा हे संस्था ठरवीत असे, आणि तो कायमचा तेथे राही. विन्सर यांच्या योजनेत ते अध्यापक ठरवितो, आणि सत्र संपले की ग्रंथ पुन्हा आपल्या जागी जातो. साखळीच्या जागी मुदत आली, आणि विद्वानांच्या मंडळाच्या जागी वर्ग आला. मध्ययुगीन प्रथेपासून आधुनिक प्रथा येथे वेगळी होते.

४. यादीपासून मेजापर्यंत

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते थोड्या तपशिलाने सांगतो, कारण या प्रथेचे यश अशा तपशिलांवरच अवलंबून असते.

सत्र सुरू होण्याच्या काही आठवडे आधी ग्रंथालय अध्यापकांकडून याद्या मागविते. यादीत केवळ ग्रंथाचे नाव देऊन भागत नाही. लेखक, आवृत्ती, अभ्यासक्रमाचे नाव, अपेक्षित विद्यार्थिसंख्या, ग्रंथ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागेल, आणि त्याची मुदत दोन तासांची असावी, एका रात्रीची असावी की तीन दिवसांची, हे सर्व अध्यापकाने लिहावयाचे असते. ज्यातील वीस पाने सर्वांनी वाचावयाची त्याला दोन तास पुरेत. ज्यावर एखाद्यानेच निबंध लिहावयाचा त्याला तीन दिवस हवेत. हा निर्णय अध्यापकाखेरीज कोणी घेऊ शकत नाही, कारण कोणता ग्रंथ कसा वाचावयाचा हे त्यालाच ठाऊक.

यादी आली की ग्रंथालयाचे काम सुरू होते. ग्रंथ संग्रहात आहे काय? असल्यास जागेवर आहे की कोणाकडे गेला आहे? बाहेर गेला असल्यास परत मागवावा लागतो. विद्यार्थी अधिक असतील तर आणखी प्रती विकत घ्याव्या लागतात. ग्रंथ दुर्मीळ असेल तर पुष्कळदा अध्यापक स्वतःच्या संग्रहातील प्रत देतात. तिच्यावर तात्पुरती चिठ्ठी लावून, वेगळी नोंद करून, सत्रअखेर ती मालकाला परत केली जाते. एखादे प्रकरण किंवा नियतकालिकातील लेख लागणार असेल तर त्याची प्रत काढून धारिकेत ठेवतात. मग ही सर्व सामग्री अभ्यासक्रमाच्या आणि अध्यापकाच्या नावाने सूचीत नोंदविली जाते, जेणेकरून विद्यार्थ्याला ग्रंथाचा वर्गांक माहीत नसला तरी विषय सांगून तो मागता येतो. ग्रंथ देवघेवीच्या मेजामागे ठेवतात. उशीर झाला तर दंड दिवसावर नव्हे, तासावर आकारतात. वरवर हे कठोर वाटते, परंतु येथे एका तासाचा उशीर म्हणजे रांगेतील पुढच्या विद्यार्थ्याची पाळी बुडणे होय.

या सर्व साखळीत सर्वांत दुबळा दुवा कोणता, असे मला विचाराल तर मी म्हणेन, अध्यापकाची यादी. ती वेळेवर आली नाही तर ग्रंथपाल कितीही तत्पर असला तरी काही करू शकत नाही. वर्गात ग्रंथाचे नाव फळ्यावर लिहिले गेल्यानंतर दहा मिनिटांत पहिला विद्यार्थी ग्रंथालयात पोहोचतो आणि एकमेव प्रत घेऊन जातो. यादी त्यापूर्वी पोहोचलेली असली पाहिजे.

५. बडोदे आणि फिरती पेटी

आता आपल्या नगरीकडे वळू. हार्वर्डपासून बडोद्यापर्यंत एक प्रत्यक्ष धागा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी पूर्वी बॉस्टन अथेनियममध्ये चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केले होते, आणि कटर हे त्याआधी हार्वर्डच्या ग्रंथालयात होते. अमेरिकन ग्रंथालय-चळवळीच्या पहिल्या पिढीची शिकवण अशा रीतीने थेट मांडवीच्या परिसरात पोहोचली. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

महाराजांच्या या उद्योगामागे एक स्पष्ट विचार होता. १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेले अक्षर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले. पण गावोगाव पुरेशी पुस्तके देणे कोणत्याही खजिन्याला झेपले नसते. म्हणून लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये निघाली. पेटी गावात यावयाची, ठरावीक काळ राहावयाची आणि पुढे जावयाची. ग्रंथ थोडे आणि वाचक फार असले तर मुदत आखून ते फिरते ठेवावेत, हे विन्सर यांच्या वाचनकक्षातील तत्त्वच येथे खेड्याच्या पारावर आले, असे म्हणता येईल.

तथापि महाविद्यालयांत राखीव संग्रहाची प्रथा आपल्या देशात मूळ धरावयास फार उशीर लागला, आणि त्याचे कारण ग्रंथालयांच्या दारिद्र्याएवढेच विद्यापीठांच्या रचनेत आहे. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारी व संलग्नता देणारी होती. आपले बडोदे कॉलेजही मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. पुस्तके दूरवर बसलेले मंडळ नेमी, प्रश्नपत्रिका अनोळखी परीक्षक काढी. अशा व्यवस्थेत वर्गावरील अध्यापकाने स्वतःची वाचनयादी करावी, याला वाव फार थोडा होता. आणि जेथे अध्यापकाची यादी नाही तेथे राखीव संग्रह तरी कसा असणार?

१९३१ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, पूर्वाश्रमीचे गणिताचे अध्यापक, शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यातील पहिला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या कार्याचे हृदय मानले. १९४९ साली बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि आज विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एकाच आवारात अध्यापन, परीक्षा आणि ग्रंथालय आले म्हणजे अध्यापकाच्या यादीला अर्थ प्राप्त होतो. हे निवासी, एकात्म विद्यापीठाचे मोठेपण आपण पुष्कळदा विसरतो.

६. कुलूप आणि किल्ली

या प्रथेचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला आक्षेप शिक्षणतज्ज्ञांचा आहे. राखीव संग्रहामुळे विद्यार्थी अध्यापकाने दाखविलेली तीस पाने वाचतो आणि फडताळांतून हिंडून स्वतः ग्रंथ शोधण्याचा आनंद गमावतो, असे ते म्हणतात. हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच चांगला अध्यापक यादी आखूड ठेवतो. सर्वांनी वाचावयाचे तेवढेच राखून ठेवतो आणि उरलेल्यांसाठी विद्यार्थ्याला ग्रंथालयात मोकळे सोडतो. जो अध्यापक दीडशे ग्रंथांची यादी देतो तो वस्तुतः काहीच राखून ठेवीत नाही. तो फक्त ते ग्रंथ इतरांपासून दूर करतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘राखीव’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. सर्वांना मिळावे म्हणून बाजूला ठेवलेले ते राखीव. आणि काहींनाच मिळावे म्हणून बाजूला ठेवलेले तेही राखीवच. मी ज्या एका महाविद्यालयात प्रारंभी काही वर्षे शिकविले तेथे काचेच्या कपाटावर ‘राखीव’ अशी पाटी होती. आत उत्तमोत्तम ग्रंथ होते. कपाटाची किल्ली एका लिपिकाच्या खणात असे आणि तो लिपिक बहुधा जागेवर नसे. अध्यापकांपैकी ज्यांची वट होती त्यांना ग्रंथ महिनोन्‌महिने घरी मिळत. पंचक्रोशीतून सायकलवर येणारी मुले त्या काचेतून पुस्तकांचे कणे वाचून परत जात. त्यांतील एकाने मला विचारले होते, “सर, हे ग्रंथ कोणासाठी राखून ठेवले आहेत?” त्याच्या प्रश्नात उपरोध नव्हता, त्याला खरोखरच माहिती हवी होती. पुढल्या सत्रापासून मी माझ्या यादीच्या माथ्यावर ‘वर्गासाठी, वाचनकक्षात, दोन तास’ असे लिहून देऊ लागलो आणि ती यादी वर्गाच्या फलकावरही लावू लागलो. आपल्यासाठी काय ठेवले आहे हे विद्यार्थ्याला कळले की तो ते मागतो, आणि दहा जणांनी एकाच दिवशी मागितले की किल्ली सापडते.

आपल्या देशाने या अडचणीवर आणखी एक वाट काढली, तीही नमूद करतो. ‘बुक बँक’ या नावाने क्रमिक पुस्तके वर्षभरासाठी देण्याची योजना महाविद्यालयांत रुजली. अनुसूचित जाती-जमातींच्या वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने १९७८-७९ पासून अशी योजना चालविली. तीत महागड्या पुस्तकांचा एक संच दोघा विद्यार्थ्यांत मिळून दिला जाई. ज्याच्या घरी दिवा आणि बसावयास जागा आहे त्याला घरी नेलेले पुस्तक उपयोगी. ज्याच्या घरी ती नाही त्याला रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे वाचनकक्ष आणि राखीव मेज अधिक उपयोगी. दोन्ही हवीत.

७. यंत्र आणि न्यायालय

प्रती काढण्याचे यंत्र आले आणि लँगडेल यांचे जुने उत्तर नव्या रूपाने पुढे आले. अध्यापकाने निवडलेली प्रकरणे एकत्र करून त्यांचे झेरॉक्स गठ्ठे विकले जाऊ लागले. यातून मोठा वाद उद्भवला. अमेरिकेत १९९१ साली न्यू यॉर्कच्या न्यायालयाने किंकोज या व्यापारी दुकानाविरुद्ध आणि प्रकाशकांच्या बाजूने निर्णय दिला. १९९० नंतरच्या दशकात ग्रंथालयांनी प्रकरणे संगणकावर ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा वाद राखीव मेजापर्यंत आला. जॉर्जिया स्टेट विद्यापीठावर प्रकाशकांनी २००८ साली दावा लावला. २०१२ साली न्यायालयाने केवळ पाच उदाहरणांत हक्कभंग मानला. २०१४ साली अपील न्यायालयाने ग्रंथाचा अमुक टक्के भाग चालेल असे ठोक माप नाकारले आणि प्रत्येक उदाहरण स्वतंत्रपणे तपासावयास सांगितले. अखेर २०२० साली हा दीर्घ खटला बहुतांशी विद्यापीठाच्या बाजूने संपला.

भारतातील खटला आपल्याला अधिक जवळचा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान अध्यापकांच्या वाचनयादीनुसार प्रकरणांचे गठ्ठे पानाला चाळीस पैसे या दराने करून देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकान व विद्यापीठ यांवर दावा केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही, आणि पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून जे हाताने उतरवून घेत तेच आता यंत्राने होते, असा त्या निर्णयाचा आशय होता. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हे तत्त्व मान्य केले, मात्र गठ्ठ्यातील मजकूर अध्यापनासाठी आवश्यक होता की नाही हे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठविले. २०१७ साली प्रकाशकांनीच दावा मागे घेतला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीचे अपील स्वीकारले नाही. लेखकाचा व प्रकाशकाचा हक्क मी हलका लेखत नाही. त्यांच्या श्रमावाचून राखून ठेवावयास ग्रंथच उरणार नाही. परंतु तेराव्या शतकातील पॅरिसमध्ये पेसियाचा दर विद्यापीठाने ठरविला होता, आणि एकविसाव्या शतकातील दिल्लीत चाळीस पैशांचा दरही विद्यापीठाने दुकानाशी केलेल्या करारातच नमूद होता. शिकणाऱ्याला परवडेल असा मार्ग शोधण्याची जबाबदारी विद्यापीठाची, ही जाणीव दोन्हींकडे एकच आहे.

२०२० च्या महामारीत ग्रंथालयांची दारे बंद झाली आणि राखीव मेजामागील ग्रंथ मेजामागेच राहिले. त्या वेळी हाथीट्रस्ट या अमेरिकन ग्रंथालयांच्या संयुक्त संस्थेने सभासद ग्रंथालयांच्या वाचकांना ग्रंथांच्या अंकीय प्रती तात्पुरत्या खुल्या केल्या. नियम असा होता की, ग्रंथालयाजवळ जितक्या छापील प्रती असतील तितक्याच वाचकांना एका वेळी तो ग्रंथ उघडता येईल, आणि तोही थोड्या मुदतीने. कागद गेला, मेज गेले, तरी दोन तासांची पाळी टिकली.

८. समारोप

मित्रहो, आठ शतकांच्या या प्रवासात साखळी, जुडी, मेज, झेरॉक्स आणि पडदा अशी साधने बदलत गेली. न बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे वर्गाला काय वाचावयास सांगणार हे अध्यापकाने आधी ठरविणे आणि ते शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याच्याही हाती पडेल याची काळजी वाहणे. मला तर असे वाटते की, ज्या ग्रंथाची प्रत माझ्या वर्गातील सर्वांत गरीब मुलाला मिळू शकत नाही त्यावर प्रश्न विचारण्याचा मला नैतिक अधिकार पोहोचत नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवून मी आपली रजा घेतो. आपल्यापैकी अनेकजण शाळेला देणगी देऊ इच्छितात. त्या देणगीतून एक लहानसे उघडे कपाट घ्यावे. त्याला काच नको, कुलूपही नको. नववीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक विषयशिक्षकाने सत्राच्या प्रारंभी आपल्या वर्गासाठी पाच ग्रंथांची नावे लिहून द्यावीत; शब्दकोश, नकाशासंग्रह, एखादे चरित्र, जे त्यांना योग्य वाटेल ते. शाळेने त्यांच्या दोन दोन प्रती तेथे ठेवाव्यात आणि शाळा सुटल्यावर ते दालन दोन तास उघडे असावे. खर्च फार नाही. कष्ट आहेत ते यादी करण्याचे आणि रोज सायंकाळी थांबण्याचे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांच्या पिढीने असे थांबणे कधी मोजले नव्हते.